सत्तावीस नंबरची उलटी पुस्तिका

पेनी ग्रीन, हेरफर्डशर
४ मे १९९३

नोंदणी अधिकारी,
लिनेट ओनर्स क्लब यांस

महोदया,

क्लबच्या वसंत अंकात वाचलं की जुने नोंदणी अधिकारी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी मिसेस एम. ऑर्चर्ड आल्या आहेत. अभिनंदन. आपण कोण, कुठल्या, हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

माझ्याजवळ एक लिनेट आहे. दोन माणसं बसतात, छप्पर नाही, दारं नाहीत, पाऊस आला की पाऊसही बसतो. १९६१ साली घरीच जोडलेली. चासी नंबर २७ सांगाड्याच्या डाव्या नळीवर कोरलेला आहे, नुसतं बोट फिरवलं तरी वाचता येतो. सप्टेंबरात कॅलो टेकडीवर क्लबचा पस्तिसावा मेळावा आणि टेकडी चढायची शर्यत आहे. त्याआधी ही गाडी आपल्या नोंदवहीत चढावी, एवढीच विनंती. फॉर्म सोबत जोडला आहे.

अक्षर जरा मोठं आलं आहे. राग नसावा.

आपला विश्वासू,
सेड्रिक हॅडो


लडलो, श्रॉपशर
११ मे १९९३

श्री. हॅडो यांस,

आपला अर्ज मिळाला. तो परत पाठवत आहे.

'मालकाचं नाव' हा रकाना आपण कोराच ठेवला आहे. मालक नसलेली गाडी भंगारवाल्याकडे जाते, क्लबात येत नाही. शिवाय आपण इंच इंच उंचीची अक्षरं काढली आहेत. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पहिलीतली पोरंसुद्धा मला एवढ्या मोठ्या अक्षरात लिहीत नसत. मला बारीक अक्षर वाचता येतं. त्यासाठी चष्मा घेतला आहे.

खरी अडचण पुढेच आहे. चासी नंबर २७ आमच्या नोंदवहीत १९७४ पासून आहे. मालक एम. ऑर्चर्ड, लडलो. त्या गाडीवर कंपनीची मूळ पितळी पट्टी आहे, मूळ इंजिन आहे, मूळ ॲल्युमिनियमचं नाक आहे आणि मूळ लॉगबुक कपाटात आहे. लिनेट एकूण एकेचाळीसच झाल्या. त्यांत सत्तावीस नंबरच्या दोन कशा, याचा खुलासा आपण करावा.

दलाल आत घुसू नयेत म्हणून नव्या अर्जदाराला तीन प्रश्न विचारायची क्लबची प्रथा आहे. ॲबिंग्डनच्या एमजी गाड्यांचे नंबर ०२५१ पासूनच का सुरू झाले? बेडूकडोळी स्प्राइटमध्ये सामान कुठून ठेवायचं? आपल्या देशाच्या शर्यतीच्या गाड्या हिरव्या का? पुस्तक न उघडता उत्तरं द्यावीत.

मिसेस एम. ऑर्चर्ड
नोंदणी अधिकारी


पेनी ग्रीन
१७ मे १९९३

महोदया,

पुस्तक उघडायचा प्रश्नच नाही. ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, म्हणून गाड्यांचे नंबर तिथून सुरू झाले. स्प्राइटला मागे झाकणच नाही, सीट पुढे वाकवायची आणि आत डोकं घालून पेटी ढकलायची. तिच्या दाराला बाहेरून कडीही नव्हती, हे आपण विचारायला विसरलात. आणि १९०३ ची मोठी शर्यत आयर्लंडच्या भूमीवर झाली, तेव्हा यजमानांच्या रंगाचा मान म्हणून आपण हिरवा रंग घेतला तो कायमचा. आमच्या वडिलांच्या दुधाच्या शेडमध्ये मी हेच प्रश्न एका मुलीला विचारत असे. ती दुधाचे कॅन घासायची आणि हिरव्या रंगाचं उत्तर दर वेळी चुकायची. आता ती सुधारली असावी.

आपण या कामात नव्या आहात, म्हणून लिनेटबद्दल दोन शब्द सांगतो. त्या काळी तयार गाडी घेतली तर जबर कर बसे. सुटे भाग घेतले तर बसत नसे, पण भाग कसे जोडायचे ते कागदावर लिहून दिलं की लगेच ती 'गाडी' ठरे. मग कंपनीने शक्कल लढवली. जोडायची नाही, गाडी खोलायची पुस्तिका द्यायची. पायरी एक, बॉनेट काढा. पायरी बेचाळीस, सांगाडा जमिनीवर ठेवा. ज्याला गाडी जोडायची असेल त्याने बेचाळीसपासून उलटं वाचत यावं. सरकार गप्प आणि गिऱ्हाईक खूश. आमची गाडी एका बहीण-भावाने अशीच उलटी जोडली. बहीण वाचायची, भाऊ पाना फिरवायचा.

आता त्या दुसऱ्या सत्तावीसबद्दल. इंजिन बदलतं, पत्रा बदलतो, पितळी पट्टी चार रिबिटं मारून गाईच्या गोठ्यालाही ठोकता येते. गाडी म्हणजे तिचा सांगाडा. लडलोच्या बाईंच्या गाडीखालचा सांगाडा त्यांच्या यजमानांनी बनवला, असं ऐकून आहे. टेड ऑर्चर्ड लोहार चांगला होता. तो गेल्याचं कळलं तेव्हा मी पत्र लिहायला बसलो होतो. तीन ओळी झाल्या, पुढे सुचेना. ते असो.

मालकाचं नाव मुद्दाम कोरं ठेवलं आहे. ते शेवटी भरायचं आहे.

आपला विश्वासू,
सेड्रिक हॅडो


लडलो
२६ मे १९९३

श्री. हॅडो यांस,

तीनही उत्तरं बरोबर आहेत. कडीबद्दलची आगाऊ माहिती कुणी विचारली नव्हती.

एका नंबरच्या दोन गाड्या दिसल्या की वाहन कार्यालयाला कळवायचं, असा नियम आहे. मी कळवलं. त्यांचं उत्तर आलं आहे. ३१ ऑगस्टपर्यंत क्लबने दोघींपैकी एकीच्या बाजूने लेखी दाखला द्यावा, नाहीतर नंबर दोन्ही गाड्यांवरून जाईल आणि पुन्हा कुणालाही मिळणार नाही. दाखला मला द्यायचा आहे आणि दुसरी गाडी माझी आहे. काय करावं ते माझं मलाच कळेनासं झालं आहे.

नोंदवहीत गाडी क्र. २७ पुढे जुन्या अधिकाऱ्यांची एक टीप आहे. ती जशीच्या तशी उतरवते. 'कॅलो टेकडी, जून १९६१. चालक कु. एम. हॅडो. शेवटच्या वळणावर मागचं डावं चाक निखळलं. चाक एकटंच वर गेलं, अंतिम रेषा ओलांडून पाद्रीबुवांच्या चहाच्या तंबूत शिरलं. चाकाची वेळ ५१.३ सेकंद. गाडी पोचली नाही.'

मिसेस एम. ऑर्चर्ड
नोंदणी अधिकारी

ता. क. सेड्रिक, ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस? बत्तीस वर्षांत ख्रिसमसचं एक कार्ड नाही आणि आता एकदम 'महोदया'! त्या दिवशी बायकांचा विक्रम पंचावन्न सेकंदांचा होता. वळणापर्यंत मी त्याच्या पुढे होते. घड्याळवाल्याने मला नंतर सांगितलं. एक नट धड आवळता आला असता तुला, तर विक्रमांच्या फळ्यावर माझं नाव असतं. तिथे काय आहे माहीत आहे? चाकाची वेळ! अजून सांगतात लोक.


पेनी ग्रीन
३ जून १९९३

मुरिएल,

हे बरं झालं. 'आपण' म्हणून म्हणून माझा जबडा दुखायला लागला होता.

नट मी आवळला होता. ढोपर टेकून, सगळा भार टाकून. मी पाना फिरवत होतो, वाचत तू होतीस. जे वाचलं गेलं ते मी बसवलं. आणि वाचणारीचं लक्ष त्या शनिवारी संध्याकाळी पुस्तिकेत नव्हतंच. टेड फाटकाबाहेर सायकलची घंटा वाजवत उभा होता आणि तुला नाचायला जायचं होतं. शेवटच्या तीन पायऱ्या तू कोंबडीला दाणे टाकावेत तशा टाकल्यास.

त्यानंतर गाडीच्या वाटणीचंही तूच काढलंस. 'इंजिन मी आणलं, इंजिन माझं.' बाबा मध्ये पडले नसते तर तू एक हेडलाइट मला आणि एक तुला करून घेतला असतास. मग मी सांगाडा, मागच्या चाकांचा दांडा आणि चार चाकं घेऊन निघालो. तेही खरं तर तीनच, चौथ्यावर पाद्रीबुवांचं लोणी होतं. सांगाड्यावर मी पावाच्या गाडीचं इंजिन चढवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे आपण दोघं अर्ध्या अर्ध्या गाडीला बत्तीस वर्षं पूर्ण म्हणत बसलो.

आणि आता तू आपणहून वाहन कार्यालयाला कळवलंस! नियम म्हणे. नोंदवही तुझ्या हातात, फिर्याद तुझी, न्यायाधीशही तूच. दे दाखला तुझ्या गाडीला. मला नको काही. मेळाव्यालाही मी येत नाही.

सेड्रिक

फॉर्म परत पाठवत आहे. रकाना तसाच कोरा आहे.


लडलो
१९ जुलै १९९३

सेड्रिक,

सहा आठवडे मी उत्तर दिलं नाही. रागावले होते, आणि नंतर रागावायला जागा उरली नाही.

गेल्या शनिवारी पेनी ग्रीनच्या जत्रेत मी आले होते. मुरांबे आणि भाज्यांच्या स्पर्धेला तुमच्या महिला मंडळाने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. खोटं कशाला सांगू, तुझी शेड कुठे आहे ते बघायचं होतं, म्हणूनच मी हो म्हटलं. लिंबाच्या गोड मलईच्या बरण्या मांडल्या होत्या तिथे तू आलास. बरणीवरची चिठ्ठी वाचायला इतका वाकलास की नाकाला मलई लागली. मी चार फुटांवर उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारशील. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "बाई, जरा सरकाल का? मला उजेड लागतो."

आधी मला वाटलं नाटक करतोयस. 'महोदया' म्हणणाऱ्याला 'बाई' म्हणायला काय जातं? मग तू वळलास आणि दोरी चाचपत चाचपत तंबूबाहेर गेलास. मी तुझी इंच इंच अक्षरं वाचून महिनाभर चिडत होते. मला वाटत होतं तू मला पहिलीतली पोर समजतोस. सेड, तू मोठं अशासाठी लिहीत होतास की तुझं तुला दिसावं. नाही का? हे कळल्यावर मी मोटारीत जाऊन बसले आणि बराच वेळ निघालेच नाही.

घरी येऊन ती पुस्तिका शोधली. वाटणीत ती माझ्याकडे आली होती हे मी कधी कबूल केलं नाही. इंजिनाच्या खोक्याच्या तळाशी होती. पायरी चौदा बघ कशी आहे. 'मागच्या डाव्या चाकाची स्प्लिट पिन काढा. मग मोठा नट काढा. मग चाक ओढा.' उलटं जोडायचं तर आधी चाक, मग नट, आणि नट फिरू नये म्हणून सगळ्यात शेवटी त्यातून पिन. पायऱ्या मी उलट्या वाचत होते, सेड. पण पायरीच्या आतल्या ओळी? घाईत त्या सुलट वाचल्या. 'पिन' मी पहिल्यांदा म्हटलं. आणि चौदा नंबरापुढे माझ्या पेन्सिलीची बरोबरची खूण आहे. चाक बसलंय का, हे मान वर करून न बघता केलेली.

बत्तीस वर्षं मी सगळ्या तालुक्याला सांगत आले की माझ्या भावाला नट आवळता येत नाही. ही खूण तेव्हाच दिसली असती, पण मी पुस्तिका उघडलीच नाही. कदाचित म्हणूनच उघडली नसेल.

दाखल्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तू सांग.

मुरिएल


पेनी ग्रीन
२४ जुलै १९९३

मुरी,

ती बाई तू होतीस? अत्तर ओळखीचं वाटलं होतं. मला वाटलं, सगळ्याच म्हाताऱ्या मास्तरणी तेच लावतात.

डोळ्यांचं म्हणशील तर कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. एखाद्याच्या तोंडाकडे बघितलं की नेमकं तोंड गायब. काही माणसांच्या बाबतीत ती सोयच आहे. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं आणि लायसन मी त्याच आठवड्यात परत केलं. गाडी शेडमध्ये आहे. रोज सकाळी जाऊन बसतो, गिअर टाकतो, काढतो, कुठे जात नाही. दिसत नाही म्हणून कुणाला धडकावं असा मी नाही, तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

आता कबुलीचीच पाळी आहे तर ऐक. तू 'पिन' म्हणालीस तेव्हा माझ्या हातात पिन होती. मी म्हणालो, "नटच नाही अजून, पिन कुठे घालू?" तू ऐकलं नाहीस. टेडची घंटा वाजत होती. मला राग आला होता. आपण पाच महिने दोघांनी गाडी जोडली आणि शेवटच्या संध्याकाळी तुला एक सायकलवाला जास्त महत्त्वाचा झाला. पिन मी जाकिटाच्या खिशात टाकली. मनात म्हटलं, मुरी गेली की मग बघू. तू गेलीस, आणि मी विसरलो. पिन मला टेकडीवरच सापडली, रुमाल काढताना. तू तेव्हा गवतात बसून हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही. तुला काही झालं असतं तर काय, हे मी तेव्हापासून दर जूनमध्ये मोजतो. आणि तुला दोष देत राहिलो, कारण ते सोपं होतं.

पिन सोबत पाठवत आहे. तंबाखूच्या डबीत होती. गंजू नये म्हणून दर वर्षी तेल लावायचो.

रकाना कोरा का ठेवला तेही सांगतो. गाडी चालवायला मी नाही आणि मागे कुणी नाही. एकदा नंबर नोंदला गेला की रकान्यात तुझं नाव लिहून सांगाडा तुझ्याकडे पाठवून द्यायचा, असा माझा बेत होता. 'महोदया' म्हणून सुरुवात केली, कारण 'मुरी' लिहायला हात धजेना.

दाखला तुझ्या गाडीला दे. खरंच सांगतो, या वेळी रागाने नाही.

सेड


लडलो
३० जुलै १९९३

सेड,

पिन मिळाली. पाकिटातून पडली ती चहाच्या बशीत. मी ती धुतली, पुसली आणि मग टेबलाशी बसून लहान पोरीसारखी रडले. टेड असता तर म्हणाला असता, "घंटा मी वाजवली म्हणजे तिसरा गुन्हेगार मी."

आता नोंदणी अधिकारी काय म्हणतात ते ऐक. दाखला तुझ्या गाडीला मिळणार नाही. माझ्याही गाडीला मिळणार नाही. सांगाडा तुझ्याकडे, इंजिन, नाक आणि पट्टी माझ्याकडे, मग सत्तावीस नंबर कुणाचीच नाही. तेव्हा दोन्ही गाड्या खोलायच्या आणि खऱ्या भागांची एक जोडायची. उरलेल्या भागांत तुझं पावाच्या गाडीचं इंजिन आणि माझा लोहारी सांगाडा. त्यात कोंबड्या ठेवू.

मी सोमवारी येते. ट्रेलर शेजाऱ्यांचा मिळाला आहे. इंची पाने तुझ्याकडे पूर्ण आहेत ना? माझे तीन हरवले. आणि बेकनचे सँडविच कर, पण लोणच्यात तो कांदा नको.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? आधी खोलायचं आहे. म्हणजे ती पुस्तिका आपण पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचणार. मी वाचीन असं म्हणणार होते, पण माझ्या वाचण्यावर कुणी भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही. तुला दिसत नाही. मग कसं करायचं?

मुरी


पेनी ग्रीन
१ ऑगस्ट १९९३

मुरी,

पुस्तिका कशाला लागते? पाच महिने तुझ्या तोंडून ऐकून मला ती पाठ आहे. बत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? सुलट म्हणून दाखवीन, उलट म्हणून दाखवीन, प्रत्येक पायरीतल्या ओळीसुद्धा उलट. मी सांगतो, तू पाना फिरव. आवळलंस की नाही ते मी हाताने बघणार आणि मगच पुढची पायरी सांगणार.

कांदा राहीलच. आवडत नसेल तर काढून टाक.

सेड


पेनी ग्रीन
१३ सप्टेंबर १९९३

नोंदणी अधिकारी,
लिनेट ओनर्स क्लब यांस

महोदया,

गाडी क्र. २७ संबंधी माझा अहवाल पुढीलप्रमाणे.

सदर गाडी २७ ऑगस्टला तपासणीत पास झाली. दाखला आपण ३० तारखेला, म्हणजे एक दिवस आधी दिलात. आपण नियम मोडत नाही, पण त्यांना घाम मात्र फोडता. जोडणी संपल्यावर एक वायसर उरला. आपण दोघं त्यावर अर्धा तास भांडलो आणि शेवटी तो पावाच्या गाडीचा निघाला, याची नोंद घ्यावी.

काल कॅलो टेकडीवर चालक मिसेस एम. ऑर्चर्ड, वय अठ्ठावन्न, यांची वेळ ५७.८ सेकंद लागली. चाकाचा विक्रम अद्याप अबाधित आहे. नवे पाद्रीबुवा खबरदारी म्हणून चहाचा तंबू दुसऱ्या बाजूला लावून बसले होते.

फॉर्म भरून सोबत जोडला आहे. मालकाच्या रकान्यात दोन नावं आहेत. दोन मावत नव्हती, म्हणून रेघ ओढून रकाना मोठा केला आहे. आपल्या नियमात बसत नसेल तर नियम बदलावा.

मुरी, मी शेवटच्या वळणाशी उभा होतो, त्याच जागी. तू विचारलंस, दिसलं का. मी तेव्हा "हो" म्हणालो. ते खोटं होतं. मला तू दिसली नाहीस, गाडीही दिसली नाही, हिरवं काहीतरी कडेने सरकलं एवढंच. पण मी कान देऊन होतो. वळणावर रेती उडाली, आणि चारही चाकं एकत्र वर गेली.

सेड